मोजायला बसलेली समिती

बाजीराव टेकाळ्यांनी आपली खुर्ची नेमकी बायकांच्या मुतारीच्या दारासमोर मांडायला लावली. शिपायानं आधी ती बाजूला, लिंबाच्या सावलीत ठेवली होती. टेकाळ्यांनी तिथं बसून मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाले, "हितनं दार नीट दिसत न्हाई. सरळ लाव."

खुर्ची सरळ लागली. मग त्यांना दिसलं, की दाराच्या पुढ्यात बुरडाच्या बांबूच्या तट्ट्या उभ्या आहेत. शंकर बुरूड त्या विकायच्या म्हणून तिथं ठेवायचा आणि बायांना आयता आडोसा व्हायचा. त्यानं कधी तसं सांगितलं नाही, आम्हीही कधी बोललो नाही, पण मंडईतल्या प्रत्येक बाईला ते ठाऊक होतं. टेकाळ्यांनी तट्ट्या उचलायला लावल्या. पाहणीत अडथळा नको, असं त्यांचं म्हणणं पडलं. शेजारी टेबल आलं, वर निळं कापड आलं, चहाचा थर्मास आला, आणि नगरपालिकेची काटकसर समिती बायका मुतारीत किती जातात ते मोजायला बसली.

मी यमुना कासार. मंडईच्या तोंडाशी माझं बांगड्यांचं दुकान. दुकान म्हणजे एक लाकडी फळी आणि वर पत्रा, पण तिथून मुतारीचं दार समोर दिसायचं. बरीच वर्षं झाली या गोष्टीला. तरी ती खुर्ची आठवली की अजून माझ्या तोंडाची चव जाते.

समिती का नेमली, तेही सांगते. आमच्या नगरपालिकेनं वेशीवर भली मोठी स्वागताची कमान बांधली. वर दोन सिमेंटचे हत्ती, मधे नगराध्यक्षांच्या वडिलांचं नाव. गावात येणाऱ्या एस.टी. त्या कमानीखालून जाताना टपावरच्या सामानासकट अडकायच्या, म्हणून त्यांना मागच्या रस्त्यानं यायला सांगितलं. म्हणजे स्वागत फक्त कुत्र्यांचं आणि सायकलवाल्यांचं. बिलं आली तेव्हा तिजोरीत खडखडाट असल्याचा शोध लागला. मग ठरलं, की गावातल्या सोयी तपासायच्या आणि जी वापरात नाही ती बंद करायची. अध्यक्ष टेकाळे.

टेकाळ्यांचा सिमेंटच्या नळ्यांचा धंदा. रोज संध्याकाळी वखारीतल्या नळ्या स्वतः मोजल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे, आणि जग हीसुद्धा एक वखारच आहे अशी त्यांची समजूत होती. त्यांनी वाचनालयाची पाहणी गुरुवारी केली. वाचनालयाला सुट्टी गुरुवारची. एकही वाचक आढळला नाही, असा शेरा मारून ते मोकळे झाले. रस्त्यावरच्या दिव्यांची पाहणी भर दुपारी केली, कारण संध्याकाळी नळ्या असायच्या. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, तसं या माणसानं उचललं पेन आणि लावलं कागदाला.

समितीत एक बाई असलीच पाहिजे, असा नियम होता, म्हणून वैजयंतीताई मगर होत्या. बायकांच्या राखीव जागेवर निवडून आलेल्या. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर त्यांचे यजमान भास्करराव बसायचे. ते समितीत नव्हते, नगरपालिकेतही नव्हते, पण गावात लोक त्यांनाच नगरसेवक म्हणत आणि ते ओही देत. ताईंनी कुठं सही करायची तिथं ते बोट ठेवायचे. शिवाय लिहायला पानसे नावाचे कारकून. निवृत्तीला आलेले, आणि साऱ्या नोकरीत कुणालाही नाही न म्हटलेले.

आता सगुणाचं सांगते, कारण ही सगळी गोष्ट खरं तर तिची आहे. ती माझ्या फळीला लागून पालेभाजी घेऊन बसायची. सातवा लागला होता. मागच्या खेपेला तिचं मूल सहाव्यातच गेलं. दिवस दिवस लघवी दाबून बसायची, त्यातून आत बाधा झाली, ताप भरला आणि सगळं आटोपलं. तेव्हा मंडईत बायकांना जायला जागाच नव्हती. पुरुषांचं काय, त्यांना भिंत पुरते. त्यानंतर आम्ही बायांनी नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा कुठं ही दोन खोल्यांची मुतारी झाली. या खेपेला दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगुणाला बजावून ठेवलं होतं, की पाणी भरपूर प्यायचं आणि लागली की उठायचं. धरून बसलीस तर मागचंच पुढं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी ऊन वर आलं तशी सगुणा उठली. पदर पोटावरून ओढून घेतला आणि चालायला लागली. अर्ध्या वाटेत पोचली असेल नसेल, तोच टेकाळे खुर्चीत पुढं सरकले.

"या, या बाई. लाजायचं काम न्हाई," ते म्हणाले, अगदी दुकानात गिऱ्हाईक आल्यासारखे. "पानसे, पेन उघडा."

सगुणा थांबली. मंडईतली सगळी गडीमाणसं बघायला लागली होती. कांद्याच्या गोण्या उतरवणारे हमालसुद्धा खांद्यावर गोणी तशीच ठेवून उभे राहिले. ती वळली, शेजारच्या ढिगावरचं एक टमाटं उचललं, भाव विचारला, खाली ठेवलं आणि परत येऊन आपल्या जागी बसली. मागून पानशांचा आवाज आला, लिहू का म्हणून. टेकाळे म्हणाले, आत गेली का ती, मग काय लिहिता.

मी तिला माझ्या घरी घेऊन गेले. घर ओढ्यापलीकडे. ते पोट घेऊन ती ओढ्याचा चढ चढली, आणि मी मागून तिच्या कमरेला हात लावून. परत आलो तेव्हा शेळ्यांनी तिची मेथी अर्धी केली होती. दिवसातनं असं किती वेळा जाणार? दुपारनंतर तिनं पाणी पिणंच सोडलं. तिची एकटीचीच नाही, सगळ्यांचीच ती तऱ्हा होती. भर उन्हाळ्यात मंडईतल्या बाया तांब्याला हात लावत नव्हत्या, आणि समोर समिती थर्मासातला चहा पीत होती.

मला काही राहवेना. मी उठून टेबलापाशी गेले.

"साहेब, तुम्ही हितनं उठा, म्हंजे बाया जातील," मी म्हणाले.

टेकाळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच वेडी. "आमी उठलो, तर मोजणार कोण?"

मी म्हटलं, वैजयंतीताईंना एकट्यांना बसू द्या, बाईचं बाईला काही वाटत नाही. ताईंनी मान वर केली. मला वाटलं त्या काही बोलतील. पण भास्करराव हसले आणि म्हणाले, की त्यांचा हिशेब कच्चा आहे, सरकारी कामात चूक व्हायला नको. ताईंनी मान खाली घातली. टेकाळे मला समजावून सांगायला लागले, की बाई, गरज खरी असली की माणूस लाजत नाही, तहानलेला माणूस विहिरीपाशी कोण उभं आहे ते बघत नाही. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात, पण निदान गाढव उलट गीता सांगायला तरी बसत नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. संध्याकाळी सगुणाला कणकण आली. तिसऱ्या दिवशी ती आलीच नाही. तिच्या जागेवर शेजारच्या लसूणवाल्यानं आपली पोती सरकवली. मंडईत जागा अशीच जाते. चार दिवस मोकळी राहिली की आठवडाभरात ती कुणाची होती हेही लोक विसरतात. तिच्या नवऱ्याचं काम कधी असायचं कधी नसायचं, घर त्या भाजीवर चालायचं. म्हणजे घरी बसली तर चूल बंद, आणि मंडईत बसली तर पोट धोक्यात. आणि मुतारी कायमची गेली, तर तिला यातलं एक निवडावंच लागणार होतं. मी लसूणवाल्याची पोती परत ढकलली आणि त्या जागेवर माझी बांगड्यांची पेटी ठेवली.

त्याच दुपारी वैजयंतीताई खुर्चीतून उठल्या आणि माझ्या फळीवर आल्या. भास्कररावांना सांगून आल्या होत्या, बांगड्या भरायच्या म्हणून. मी त्यांचा हात हातात घेतला. बांगड्या भरताना बाईचा हात तुमच्या हातात असतो, आणि हात काही लपवत नाही. उन्हाचे दिवस असून हात गार पडला होता, वर काटा आला होता. मी दोन बांगड्या चढवल्या, तेवढ्यात त्या खाली बघत हळूच म्हणाल्या, "याला मागून वाट आहे का हो?"

"कशाला?"

त्यांनी मुतारीकडे नुसतं पाहिलं.

मागं भिंत होती आणि भिंतीमागं गटार. वाट नव्हती. मी तसं सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगते, मला त्यांची कीव आली नाही. राग आला. सकाळपासून दिवस कलेपर्यंत त्याच टेबलाशी बसून ही बाई स्वतःही लघवी दाबून होती, शेजारी शून्य लिहिलं जात होतं, आणि त्या शून्याखाली उद्या हिचीच सही होणार होती. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मी उरलेल्या बांगड्या भरल्या. त्या उठून पुन्हा खुर्चीत जाऊन बसल्या.

सभा शनिवारी होती. आम्ही मंडईतल्या बाया धंदा टाकून गेलो. नागरिकांसाठी मागं दोन बाकडी होती, ती भरली, बाकीच्या भिंतीला टेकून खाली बसल्या. सगुणाही आली होती. अंगात ताप, डोळे लाल. मी म्हटलं, कशाला आलीस, तर म्हणाली, "माजंच ठरायलंय आक्का, घरी बसून काय करू?"

टेकाळ्यांनी अहवाल वाचला. वाचनालय गेलं. निम्मे दिवे गेले. मग आमची पाळी आली. मंडईतील महिला मुतारी, तीन दिवस समितीची प्रत्यक्ष पाहणी, वापर शून्य. सबब मुतारी बंद करून त्या जागी गाळा काढावा आणि तो भाड्यानं द्यावा. हे वाचताना त्यांचा चेहरा असा फुलला होता, की जणू पोरीचं लग्न ठरल्याचं सांगताहेत. एका सदस्यानं तर गाळ्याला शटर की लाकडी दार, अशी चौकशीही केली.

मी उभी राहिले. नगराध्यक्ष म्हणाले, नागरिकांना बोलता येणार नाही. पण टेकाळे खुशीत होते. "बोलू द्या की. लोकशाही हाय," ते म्हणाले.

हातात हात घेऊन ऐकलेलं मी कधी चारचौघांत बोलत नाही. कासारणीनं ते पथ्य सोडलं तर तिच्याकडे कुणी हात पुढं करणार नाही. पण मी विचारू तर शकत होते.

"वैजयंतीताई," मी म्हणाले, "तुमी तीन दिवस तिथं बसला होता. सकाळपास्नं दिवस कलंस्तोवर. तुमी कुठं गेला?"

सभागृहात दोनचार जण हसले. ताईंचा चेहरा उतरला. त्यांच्या मागच्या खुर्चीवरून भास्करराव म्हणाले, "त्या कुठं गेल्या नाहीत. त्यांना गरज पडली नाही."

ही बाई काय बोलणार ते तो सांगायचा, कुठं सही करणार ते तो सांगायचा, हे गावानं पाहिलं होतं. आता तिला लागली होती की नाही, हेही तोच सांगायला लागला. मला किळस आली. माणसाची किळस येणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

टेकाळ्यांनी टेबलावर थाप मारली. "ऐका. शिकलेल्या बाई, समितीच्या सदस्य. त्यास्नीसुदा गरज पडली न्हाई. यापरीस पुरावा काय पायजे? पानसे, लिहून घ्या. महिला सदस्यांनाही गरज भासली नाही."

पानसे लिहायला लागले. पेनचा कागदावर घासल्याचा आवाज येत होता. भिंतीपाशी सगुणानं गुडघ्यात डोकं घातलं.

वैजयंतीताई उठल्या.

भास्करराव म्हणाले, काय झालं, बस. त्या बसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची मागं सरकवली, ती त्यांच्या यजमानांच्या गुडघ्यावर लागली, तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. सभागृहाच्या डाव्या अंगाला टेकाळ्यांची केबिन होती. साऱ्या नगरपालिकेच्या इमारतीत बायकांना जायला जागा नव्हती, पण त्या केबिनीत साहेबांची स्वतःची होती, गुळगुळीत फरशीची. तिची ख्याती गावभर होती. ताई सरळ तिकडं चालायला लागल्या. दारातला शिपाई म्हणाला, "ताई, ती सायबांची हाय." त्यांनी त्याला हातानं बाजूला केलं आणि आत गेल्या. आतल्या दाराची कडी लागली. ती आम्ही सगळ्यांनी ऐकली.

नगराध्यक्ष कागद चाळायला लागले. भास्करराव छताकडे बघत होते, तिथं पंखा होता. गटाराच्या आणि गाळ्याच्या गोष्टी मोठमोठ्यानं करणारी ती सगळी शहाणी मंडळी एका बंद दाराकडे बघायचं टाळत मुकाट बसून राहिली. तीन दिवस ज्यांनी दारासमोर खुर्ची मांडली, त्यांना आता आपल्या खुर्चीत बसवेना. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. कडी निघाली.

ताई बाहेर आल्या. पदरानं हात पुसत पानशांच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"पानसे, एक लिहा."

पानशांनी पेन धरलेला हात तसाच ठेवून विचारलं, "कुठल्या रकान्यात, ताई?"

"मंडईच्या," त्या म्हणाल्या. "तीन दिवसांपासूनचं आहे."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ बायांचे हात हातात घेतले. त्या क्षणी मला या बाईचे घ्यावेसे वाटले. पण त्याआधी भिंतीपाशी हालचाल झाली. सगुणा भिंतीचा आधार घेत उठली. तिनं कुणाला काही विचारलं नाही. ताप होता, पोट होतं, ती हळूहळू चालत दोन्ही बाजूंच्या सदस्यांमधून गेली आणि केबिनीत शिरली. शिपाई या वेळी स्वतःच बाजूला सरला. तिच्यामागं पारू मिरचीवाली उठली. तिच्यामागं आम्ही सगळ्या. केबिनीच्या दाराशी रांग लागली आणि ती नगराध्यक्षांच्या खुर्चीला वळसा घालून पार जिन्यापर्यंत गेली.

टेकाळे उभे राहिले. "हे काय चाललंय? माजी केबिन हाय ती."

"गरज खरी असली की माणूस लाजत न्हाई, साहेब," मी म्हणाले. "तुमीच सांगितलं होतं. आन मंडईतली बंद झाली की आमी रोज हितंच येनार. तुमी बसा मोजत."

त्यांनी नगराध्यक्षांकडे पाहिलं. नगराध्यक्षांनी रांगेकडे पाहिलं, मग आपल्या शेजारून जाणाऱ्या मिरचीच्या टोपलीकडे. टेकाळ्यांच्या डोक्यात त्या घडीला काय प्रकाश पडला असेल, असं तुम्हाला वाटत असेल तर सोडून द्या. प्रकाश वगैरे काही पडला नाही. या माणसाला इतकंच कळलं, की आपली गुळगुळीत फरशी धोक्यात आहे. त्यांनी पानशांना खूण केली, रकाना खोडायला लावला आणि मुतारी चालू ठेवण्याची शिफारस जागेवर उभ्याउभ्या सांगून लिहून घेतली. वैजयंतीताईंनी तीवर सही केली. कुठं करायची ते दाखवायला भास्कररावांनी बोट पुढं केलं होतं, पण त्यांनी सही दुसरीकडेच केली.

सगुणाला डॉक्टरीणबाईंनी आठवडाभर औषधं दिली. तिच्या जागेवर तोवर माझी पेटी राहिली. मुलगी झाली तिला, चांगली धडधाकट, रडायला लागली की मंडई डोक्यावर घेणारी. ताईंना पुढच्या निवडणुकीत तिकीट मिळालं नाही. ते भास्कररावांनी दुसऱ्या कुणाला तरी मिळवून दिलं. पण त्या बांगड्या भरायला अजून माझ्याकडेच येतात, एकट्या येतात, आणि जाताना समोर जाऊन येतात.

टेकाळे मात्र पुन्हा निवडून आले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, तसा हा माणूस प्रचारात सांगत फिरला, की मंडईतल्या माताभगिनींची सोय बंद पाडायला निघालेल्यांच्या विरोधात आपण एकटे लढलो. निवडून आल्याबरोबर त्यांनी मुतारीला रंग दिला आणि पत्र्याच्या दारावरच लाल अक्षरांत लिहून घेतलं: मा. बाजीराव टेकाळे यांच्या अथक प्रयत्नांतून. पेंटरनं नाव ऐन मध्यावर, मोठ्या अक्षरांत काढलं. पत्रा वाकला आहे, दार सहज उघडत नाही. बाया रोज त्या नावावर तळवा ठेवून जोरानं ढकलतात. आणि सगुणाचे हात भाजीच्या चिखलानं भरलेले असतात, म्हणून ती लाथच घालते.